बालमृत्यु व आपलें कर्तव्य

मूल जन्मल्यावर पांचव्या अथवा सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवावयाची, दिवा रात्रभर तेवत ठेवावयाचा, घरांतील वडील बायकांनीं जागरण करावयाचें, आणि सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहून जाते असें समजावयाचें. कित्येक सुशिक्षित लोक या चालीला भोळेपणा म्हणून हंसतात. मला तसें हंसूं येत नाहीं. ज्यांनीं ही चाल पाडली त्यांना एक गोष्ट अनुभवानें पक्की कळली असली पाहिजे, ती ही कीं, मनुष्याच्या साऱ्या आयुष्यांत अत्यंत धोक्याचे दिवस म्हणजे त्याचे पहिले कांहीं दिवस होत. नाळेवाटे धनुर्वाताचे जंतु शिरले तर त्याचीं लक्षणें बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसूं लागतात, आणि मग पूर्वीच्या काळीं बाळ हातीं लागत नसे. तेव्हां त्या रात्रीं डोळ्यांत तेल घालून बाळाजवळ बसण्यांत भय होतें तसें शहाणपणहि होतें. उणीव एवढीच होती कीं, जागें राहून काय पाहावयाचें व काय करावयाचें हें कोणास ठाऊक नव्हतें.

धनुर्वातापुरतें त्याचें उत्तर आज सांपडलेलें आहे. गरोदरपणांत आईला लस टोंचली, नाळ स्वच्छ पात्यानें कापली, आणि तिला तेल, हळद, राख अथवा शेण असें कांहींहि न लावतां ती कोरडी ठेवली, कीं बाळाचें या रोगापासून रक्षण होतें. एवढ्या साध्या उपायांनीं २०१५ सालीं भारतांत नवजात बालकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. म्हणजे देशांतील प्रत्येक जिल्ह्यांत या रोगाचें प्रमाण हजार जन्मांमागें एकाच्याहि खालीं आलें. सटवाईच्या कागदावरील एक ओळ अशा रीतीनें पुसली गेली. बाकीच्या ओळींचें काय, हा या लेखाचा विषय आहे.

सुधारणा झालीच नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. १९७१ सालीं भारतांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १२९ मुलें वर्षाचीं होण्यापूर्वींच मरण पावत. २०२० सालीं हा आंकडा २८ वर आला, आणि महाराष्ट्रांत तर १६ वर. साऱ्या जगाचा हिशेब पाहिला तर १९९० सालीं पांच वर्षांखालील सव्वा कोटीहून अधिक मुलें दगावलीं होतीं. २०२३ सालीं ही संख्या सुमारें ४८ लाख झाली. परंतु या ४८ लाखांतील सुमारें २३ लाख मुलें जन्मापासून महिन्याच्या आंतच गेलीं. हे मृत्यु कशानें होतात? अपुऱ्या दिवसांचें जन्मणें, जन्मतांना श्वास कोंडणें, रक्तांत जंतुदोष होणें, न्युमोनिया, अतिसार, हीं त्यांचीं मुख्य कारणें होत. यांत असाध्य असें फार थोडें आहे. बहुतेकांवरील उपाय ठाऊक आहेत, कित्येक तर पन्नास-साठ वर्षांपासून ठाऊक आहेत, आणि त्यांस खर्चहि फारसा येत नाहीं. मग मुलें मरतात कां?

गरिबी, हें या प्रश्नाचें नेहमींचें उत्तर. तें खोटें नाहीं. पण तें अर्धेंच आहे. बाकीचें अर्धें समजण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडला कीं पिंपरी लागते. तेथें १९५४ सालीं भारत सरकारनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला, आणि पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. मुलांच्या कल्याणासाठीं स्थापन झालेल्या एका जागतिक संस्थेनें ज्या कारखान्यास हात दिला, तो आपल्या शेजारीं उभा राहिला, ही आपणांस अभिमान वाटण्यासारखी गोष्ट आहे. परंतु त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला, गडचिरोली जिल्ह्यांत, मुलें न्युमोनियानें मरतच होतीं. जंतूंचा नाश करणारें औषध देशांत होतें, स्वस्त होतें, पुष्कळ होतें. तें बाळापर्यंत पोहोंचत नव्हतें. तालुक्याच्या गांवापासून पाड्यापर्यंतचा चिखलाचा रस्ता हें त्याचें एक कारण. पण झोंपडींत बसलेल्या आईला 'हें साधें पडसें नव्हे' असें वेळेवर कळणें, आणि कळल्यावर घरच्या मंडळींनीं उठणें, हें अंतर त्या रस्त्याहूनहि मोठें होतें.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य 'सर्च' या संस्थेच्या द्वारें १९८६ सालापासून गडचिरोलींत काम करीत आहे. अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या उभयतांनीं तेथें काय केलें हें प्रत्येक विद्यार्थ्यानें समजून घेण्यासारखें आहे. मूल एका मिनिटांत किती वेळां श्वास घेतें हें मोजलें, तर छातींत नळी न लावतां व क्ष-किरणांचें चित्र न काढतांहि न्युमोनिया ओळखतां येतो. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाले, कीं धोका समजावा. परंतु ज्या सुइणीला साठपर्यंत मोजतां येत नाहीं तिनें काय करावें? तिच्यासाठीं त्यांनीं एक साधें साधन तयार केलें: चौकटींत ओवलेले मणी व सोबत एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्यापूर्वीं तांबड्या मण्यापर्यंत हात गेला, तर न्युमोनिया. मग तिनें स्वतःच औषध द्यावयाचें. अशा रीतीनें ६१२ रुग्ण मुलांवर उपचार झाले. त्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा एकाच्याहि खालीं राहिलें. जेथें ही योजना नव्हती अशा शेजारच्या गांवांत तें शेंकडा साडेतेरा होतें. हा वृत्तान्त १९९० सालीं 'लान्सेट' या वैद्यकाच्या जगप्रसिद्ध नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

असो. मोठ्या मुलांचा न्युमोनिया आटोक्यांत आला, तरी महिन्याच्या आंतील बाळें जातच होतीं. म्हणून १९९५ सालीं ३९ गांवांत वर्षभर प्रत्येक नवजात बाळ जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवस नुसतें पाहण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. वर्षभरांत ७६३ बाळें पाहिलीं. त्यांतील निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली होती, आणि ती शंभरांत तिघांनाहि मिळालेली नव्हती. हा आंकडा मला त्या साऱ्या वृत्तान्तांत सर्वांत अधिक बोंचतो. कारण या बाळांभोवतीं माणसें नव्हतीं असें नाहीं. आई होती, आजी होती, सुईण होती. बाळ त्यांच्या डोळ्यांदेखत होतें.

पुढें त्याच गांवांतील, पांचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना निवडून शिकविण्यांत आलें. जन्मल्याबरोबर बाळ कोरडें करून उबेंत गुंडाळणें, श्वास घेत नसेल तर तो सुरू करणें, वजन करणें, तासाच्या आंत अंगावर पाजविणें, पुन्हां पुन्हां घरीं जाऊन बाळ पाहणें, आणि रक्तांत जंतुदोष झाल्याचीं चिन्हें दिसतांच, आईबापांची संमति घेऊन, जेंटामायसीनचें इंजेक्शन देणें, एवढें सर्व त्या शिकल्या. खेड्यांतील बाईच्या हातीं सुई देणें हें पुष्कळ विद्वानांस रुचलें नाहीं. परंतु तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, इतर गांवांशीं तुलना करतां, नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं उतरले होते. आणि जंतुदोष झालेल्या बाळांपैकीं पूर्वीं जेथें शेंकडा १६ हून अधिक दगावत, तेथें आतां तीनाहूनहि कमी दगावूं लागलीं. हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें २०११ सालापासून भारत सरकारनें 'आशा' सेविकांच्या मार्फत घरोघरीं नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली, तिचें मूळ गडचिरोलीच्या या पाड्यांत आहे. मात्र आशांच्या हातीं इंजेक्शन दिलेलें नाहीं. त्यांनीं ओळखावयाचें व रुग्णालयाकडे पाठवावयाचें. म्हणजे पुढची अर्धी जबाबदारी घरच्यांवर येऊन पडली.

आपली शाळा मिशनची, तेव्हां आणखी एका दांपत्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉक्टर १९७० सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील दुष्काळी जामखेडांत येऊन राहिले. (या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे.) त्यांनीं ज्यांना आरोग्याचें शिक्षण दिलें त्या बायका बहुधा निरक्षर व कित्येक तर अस्पृश्य म्हणून गांवाबाहेर ठेवलेल्या समाजांतील होत्या. ज्या बाईच्या हातचें पाणी गांव घेत नव्हतें, तिचाच सल्ला घेण्यास तिच्या दारीं गांव येऊं लागलें. हजार जन्मांमागें १७६ असलेलें बालमृत्यूंचें प्रमाण पुढील वीस-पंचवीस वर्षांत तिसाच्या खालीं आलें. या कार्यासाठीं उभयतांना १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

आरोळे दांपत्य हें श्रद्धाळु ख्रिस्ती होतें, आणि म्हणूनच एका विषयावर स्पष्ट लिहावेंसें वाटतें. बाळ गेलें म्हणजे भेटीस येणारा प्रत्येकजण 'देवाची इच्छा' असें म्हणतो. हिंदु म्हणतो, मुसलमान म्हणतो, आम्ही ख्रिस्तीहि म्हणतों. दुःखानें व्याकुळ झालेल्या आईचें सांत्वन करण्यास दुसरे शब्द सुचत नाहींत, हें मी जाणतों, आणि त्या घटकेस तेच शब्द योग्यहि असतील. परंतु सांत्वनाचे शब्द निराळे आणि कारणाचा शोध निराळा. तीन दिवस बाळ दूध ओढीत नव्हतें, चवथ्या दिवशीं अंग गार पडलें, आणि पांचव्या दिवशीं वडील पाळीवरून आल्यावर रिक्षा शोधूं लागले, तर या हिशेबांतील कोणता दिवस देवाचा व कोणता आपला? जें माणसाच्या हातून राहून गेलें तें देवाच्या खात्यावर मांडणें ही भक्ति आहे असें मला वाटत नाहीं.

आतां काळेवाडीकडे वळूं. 'हें सर्व रानांतल्या पाड्यांसाठीं ठीक. आमच्याकडे गल्लोगल्लीं दवाखाने आहेत, पिंपरींत यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयासारखें मोठें महापालिकेचें रुग्णालय आहे,' असें कोणी म्हणेल. खरें आहे. गडचिरोलीच्या आईला जें मैलोगणती चालून मिळत नसे तें येथें रिक्षानें मिळतें. परंतु आपल्या वस्तीच्याहि कांहीं अडचणी आहेत, व त्यांचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. येथें राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें मूळ गांव दुसरीकडे आहे. कोणाचें बीड, कोणाचें लातूर, कोणाचें उत्तर प्रदेशांत अथवा बिहारांत. घरांत आजी नाहीं, चुलती नाहीं. वडील पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यांत पाळीवर. एका खोलीच्या घरांत वीस-बावीस वर्षांची आई व आठ दिवसांचें बाळ दिवसभर एकटीं. शेजारीं कोण राहतें हें तिला ठाऊक नाहीं, आणि 'आशा' दारावर आली तर ती कोण, कशासाठीं आली, हेंहि तिला कोणी सांगितलेलें नसतें. कित्येकदां आशाला दार उघडलें जात नाहीं, हें ऐकून मला आश्चर्य वाटलें नाहीं. वाईट मात्र वाटलें.

दुसरी अडचण आपल्या प्रेमळ चालींतून उत्पन्न झाली आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यांत गांवीं जाते व बाळ दोन-तीन महिन्यांचें झाल्यावर परत येते. ही चाल मोडावी असें माझें म्हणणें नाहीं. आईच्या हातचें जेवण व विश्रांति यांची किंमत कोणत्याहि गोळीहून कमी नाहीं. परंतु येथील आशाच्या वहींत तिचें नांव 'गांवीं गेली' म्हणून खोडलेलें, आणि तेथील आशाच्या वहींत तिचें नांवच नाहीं, असें होऊं शकतें. लसीकरणाचें कार्ड एका गांवीं, बाळ दुसऱ्या गांवीं. दुर्दैवानें बाळ दगावलें तर त्याची नोंद कोठें होणार? २००१ सालीं महाराष्ट्रांतील अनेक सामाजिक संस्थांनीं मिळून 'कोवळी पानगळ' या नांवाचा अहवाल प्रसिद्ध केला होता. बालमृत्यूंपैकीं पुष्कळ मोठ्या भागाची सरकारी दप्तरांत नोंदच होत नाहीं, हें त्यांतून उघड झालें होतें. जें मोजलें जात नाहीं त्याची चिंता कोणतेंहि खातें करीत नाहीं. म्हणून पालकांस विनंति आहे कीं, सून अथवा मुलगी गांवीं निघाली कीं जातांना येथील आशाला सांगावें, पोहोंचल्यावर तेथील आशाला कळवावें, आणि माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवींत घालावें. लुगडीं व लाडू नेण्याचें जसें कोणी विसरत नाहीं, तसें हेंहि विसरूं नये.

बाळ रुग्णालयांत जन्मलें तर आशानें तिसऱ्या, सातव्या, चवदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं यावें असा नियम आहे. घरीं जन्मलें तर पहिल्या दिवशींहि. हे दिवस कॅलेंडरावर खूण करून ठेवावे. ती आली नाहीं तर विचारणा करावी. परंतु या भेटींच्या मधल्या दिवसांत बाळाजवळ घरचींच माणसें असतात. बाळ दूध ओढीनासें झालें, रडणें क्षीण झालें, हातपाय ढिले पडले, अंग गार अथवा तापलेलें लागलें, छाती आंत ओढली जाऊं लागली, पोट फुगलें किंवा श्वास मिनिटाला साठावर गेले, तर त्याच घटकेस निघावें. संध्याकाळची वाट पाहूं नये, दृष्ट काढीत बसूं नये, औषधाच्या दुकानांतून थेंब आणून पाजूं नयेत. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि २०११ सालापासूनच्या सरकारी योजनेप्रमाणें आजारी नवजात बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होतात. पैशाच्या भीतीनें थांबणाऱ्यांना हें ठाऊकच नसतें.

आजीबाईंविषयीं दोन शब्द लिहितों, त्यांनीं रागावूं नये. बाळाला शेकशेगडीच्या धुरांत ठेवणें, जन्मतांच मध चाटविणें, गुटी उगाळून पाजणें, पहिलें चिकाचें दूध 'जड' म्हणून काढून टाकणें, या गोष्टी प्रेमानेंच केल्या जातात. पण चिकाचें दूध हीच बाळाची पहिली लस होय, आणि सहा महिने आईच्या दुधावांचून त्याला पाण्याचा थेंबहि लागत नाहीं. उलट तेलानें मालीश, उबदार दुपटें, आईजवळच बाळाला निजविणें, बाळंतिणीला सव्वा महिना विसांवा देणें, यांतील पुष्कळ शहाणपण आजच्या डॉक्टरांनाहि मान्य आहे. अशक्त बाळाला आईच्या उघड्या छातीशीं तासन् तास धरून ठेवण्याची पद्धति दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहराच्या डॉक्टरांनीं १९७८-७९ च्या सुमारास सुरू केली, कारण त्यांच्या रुग्णालयांत पुरेशा ऊबपेट्या नव्हत्या. आज ती जगभर शिकविली जाते. वडिलांनींहि बाळाला असें धरावें. त्यांच्या छातींत ऊब कांहीं कमी नसते.

आणखी एक गोष्ट लिहितांना संकोच वाटतो, पण ती गाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. रुग्णालयांतील नवजात बालकांच्या विशेष कक्षांत मुलांपेक्षां मुली कमी संख्येनें आणल्या जातात. मुली निसर्गतः अधिक चिवट असतात हें एक अंशतः कारण असेल. बाकीचें कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुलगा आजारी पडला तर रात्रीं दोन वाजतां मोटार निघते. मुलगी आजारी पडली तर 'सकाळीं पाहूं.' ज्या पालकांनीं आपल्या मुली या शाळेंत शिकावयास पाठविल्या आहेत, त्यांनीं हा 'सकाळीं पाहूं' आपल्या नात्यागोत्यांतून हद्दपार केला पाहिजे.

शेवटीं शाळेपुरती एक सूचना. आमच्या मुलांना क्षेत्रफळें व सनावळ्या पाठ असतात. हें इष्टच आहे. परंतु ज्यांच्या घरांत धाकटें भावंड आहे, आणि आईबाप दोघेंहि कामावर गेल्यावर ज्यांच्या कडेवर तें भावंड असतें, त्या तेरा-चवदा वर्षांच्या मुलामुलींना जुलाब झालेल्या लेंकराला काय पाजावें हें ठाऊक नसतें. १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजून असंख्य पटकीचे रोगी वांचविले, व तें पाणी पाजण्याचें काम त्यांनीं रोग्यांच्या नातलगांकडूनच करून घेतलें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. यापुढें त्यांत शिकण्यासारखें फार नाहीं. (दवाखान्यांत ओआरएसची पुडी मिळाली तर ती अधिक चांगली.) आठवीपासूनच्या प्रत्येक वर्गास वर्षांतून दोन तास, मुलींबरोबर मुलग्यांसहि, हें शिकवावें असें मला वाटतें. हें बायकांचें काम आहे असें कोणी मुलगा म्हणाला, तर त्याला एवढेंच विचारावें कीं, उद्यां रात्रीं रुग्णवाहिका बोलवावयाची कीं नाहीं हें त्याच्या घरांत कोण ठरवितें. एका तासांत मीठ-साखरेचें पाणी व धोक्याचीं चिन्हें, आणि दुसऱ्या तासांत श्वास मोजणें. त्यासाठीं गडचिरोलीच्या मण्यांच्या चौकटीचीहि गरज नाहीं. सेकंदकांटा असलेलें एक घड्याळ आणि कोणाच्याहि घरीं शांत झोंपलेलें एखादें धाकटें भावंड, एवढ्या साहित्यावर तो अभ्यास त्याच दिवशीं संध्याकाळीं करतां येईल.